छत घातलेल्या घोडागाड्या : कनेस्टोगापासून चक वॅगनपर्यंत

नमस्कार मंडळी! 1755 साली बेंजामिन फ्रँकलिनने पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांसाठी एक जाहिरात काढली, चार चांगले घोडे, गाडी आणि गाडीवान द्या, रोजचे 15 शिलिंग घ्या. इंग्रज फौजेचं सामान जंगलातून पुढे न्यायचं होतं. दोनेक आठवड्यांत दीडशे गाड्या जमल्या! त्या काळात शेतकऱ्याच्या दारात उभी असलेली गाडी केवढी मोलाची होती बघा.

त्याच पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात जर्मन वंशाच्या सुतार-लोहारांनी जी गाडी घडवली ती कनेस्टोगा, नाव तिथल्या नदीवरून पडलेलं. मला स्वतःला ही सगळ्यात देखणी वाटते. निळा साटा, लाल चाकं, वर कमानींवर ताणलेलं पांढरं कापड, आणि ओढायला सहा दांडगे घोडे. पण खरी अक्कल तिच्या तळात आहे, तो सपाट नाही, होडीसारखा दोन्ही टोकांना वर उचललेला, म्हणजे डोंगर चढताना-उतरताना पिठाची पिंपं घसरून मागच्या-पुढच्या फळीवर आदळत नाहीत, भार आपोआप मधेच राहतो. चाकं लाकडी, त्यावर लोखंडी धाव तापवून चढवायची आणि पाणी ओतून आवळायची, आपल्याकडे बैलगाडीला बसवतात अगदी तशीच.

आणि गाडीवानाला बसायला पुढे जागाच नाही! तो डावीकडच्या मागच्या घोड्यावर बसायचा, नाहीतर शेजारून चालायचा, अगदीच पाय दुखले तर डाव्या अंगाला बाहेर ओढता येणारी एक ओकची फळी असायची तिच्यावर टेकायचा. सगळा कारभार डावीकडून, म्हणून समोरून येणारी गाडी आपल्या डाव्या हाताला गेलेली बरी, चाकाला चाक घासत नाही ना ते दिसतं. अमेरिकेत रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायची पद्धत पडली त्यामागे हेही एक कारण सांगतात.

फिलाडेल्फिया ते पिट्सबर्ग हा माल वाहायचा तिचा धंदा रेल्वेने संपवला. दूर पश्चिम किनाऱ्यावरच्या ओरेगॉनला वस्ती करायला निघालेल्या कुटुंबांना तर ती परवडणारीच नव्हती, 3200 किलोमीटर वाट, चार ते सहा महिने, एवढी जड गाडी ओढता ओढता जनावरं मेली असती. म्हणून त्यांनी हलकी, सपाट तळाची गाडी घेतली, कापडाला जवसाचं तेल चोळलं पाऊस आत येऊ नये म्हणून, आणि घोड्यांऐवजी बहुतेकांनी बैल जुंपले, कारण घोड्याला दाणा लागतो, बैल वाटेतल्या गवतावर भागवतो. सिनेमात घोडे भरधाव पळतात आणि आत बायकापोरं बसलेली दिसतात, प्रत्यक्षात आत पीठ, खारवलेलं मांस, अंथरुणं, आणि धडधाकट माणसं बाजूने पायी.

आता चक वॅगन, म्हणजे गुरांचे कळप हाकत दूरवर नेणाऱ्या गुराख्यांचं चालतं स्वयंपाकघर. 1866 मध्ये टेक्सासच्या चार्ल्स गुडनाइट या गुरांच्या मालकाने लष्कराची जुनी गाडी घेऊन तिच्या मागे कप्प्यांचं कपाट बसवलं, त्याचं झाकण खाली पाडलं की झालं टेबल. पीठ, घेवड्याचे दाणे, कॉफी, औषधं, सगळं ज्याच्या त्याच्या कप्प्यात. रात्री आचारी गाडीचा दांडा ध्रुवताऱ्याकडे करून ठेवायचा, सकाळी ढग असले तरी दिशा कळायची. आणि गाडीखाली एक कातडं झोळीसारखं बांधलेलं असायचं, माळरानावर झाडं कुठली, त्यामुळे वाटेत काटकी किंवा वाळलेलं शेण दिसलं की उचलून त्यात टाकायचं, संध्याकाळच्या चुलीची सोय!