फासातली हरणी सोडायची

(पहाट. माळ. पालांमधून वर जाणारा धूर.)

सोलापूर जिल्ह्यातला हा माळ. ही पालं फासेपारध्यांची, म्हणजे फास लावून शिकार करणाऱ्या जमातीची.

(आजोबांचे हात, अगदी जवळून.)

या हातांकडे बघा. बांबूची काडी, तिला दोरा, दोऱ्याला सरकगाठ. गाठ ओढून बघायची, पुन्हा सैल करायची. अशा काड्या एकमेकींना जोडत गेलं की फाशांची रांग तयार होते. ती झुडपांमधल्या वाटेवर रोवायची आणि तित्तराची वाट बघत उकिडवं बसायचं. हलायचं नाही, खोकायचं नाही. बापाशेजारी बसलेल्या पोरानंसुद्धा. शिकार आता बंद आहे. आजोबा नातीला फास नुसता करून दाखवताहेत.

गाठीसोबत आणखी एक गोष्ट शिकवली जायची. फासात गाभण हरणी सापडली, पाडस सापडलं, तर सोडून द्यायचं. पारध्यांची ही रीत पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी नोंदवून ठेवली आहे. बरं काय, वाईट काय, हे मूल माळावरच शिकत होतं.

(सोलापूर. सेटलमेंटचा रस्ता. गंजलेली काटेरी तार.)

आणि याच लोकांना सरकारनं जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १८७१चा. १८९७च्या दुरुस्तीनं चार ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून तोडून सुधार-वसाहतीत ठेवायची मुभा दिली. म्हणजे संस्कार लावायचे म्हणून आईच काढून घ्यायची! १९११नंतर कायदा देशभर लागू झाला. सोलापूरच्या या सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींना डांबायच्या वसाहतीत, तारेच्या आत माणसं राहिली, रोज हजेरी देत. बाहेर पडायचं तर पास लागायचा. आतच मुलं जन्मली आणि हजेरी देणारा बाप बघत मोठी झाली. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा गेला.

१९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार गेली, हाती जमीन आली नाही, काहींनी चोऱ्याही केल्या; आणि आजही आसपास चोरी झाली की पोलिसांचा संशय आधी पालावर येतो.

(दुरून गाडीचा आवाज. काही क्षण निवेदन नाही.)

ही पोरगी दुसरीत आहे. आवाज ऐकून ती कुठं गेली, बघा.

(पालामागचं झुडूप. दोन डोळे.)

असं लपायला तिला कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही.

(गाडी निघून जाते. मुलगी बाहेर येते, दप्तर उचलते.)

दुधाची गाडी होती.