कात्सी म्हणजे जगणं

(दृश्य: काळा पडदा. खर्जातला एक आवाज एकच शब्द पुन्हा पुन्हा आळवतो आहे. लाल खडकावरची माणसाएवढी प्राचीन चित्रं हळूहळू उजेडात येतात.)

कोयानिसकात्सी. हा शब्द अमेरिकेतल्या ॲरिझोनात राहणाऱ्या होपी या आदिवासी जमातीच्या भाषेतला आहे. कात्सी म्हणजे जगणं. कोयानिसकात्सी म्हणजे घडी विस्कटलेलं, तोल गेलेलं जगणं.

१९८२ साली याच नावाचा चित्रपट अमेरिकेत पडद्यावर आला. दिग्दर्शक गॉडफ्री रेजिओ. वयाच्या १४व्या वर्षी तो एका ख्रिस्ती धर्मसंघात दाखल झाला आणि पुढची १४ वर्षं तिथेच राहिला. न्यू मेक्सिकोतल्या सांता फे शहरात त्याने टोळ्यांमध्ये अडकलेल्या पोरांसोबत काम केलं. त्यानंतर १९७५च्या सुमारास त्याने या चित्रपटाचं चित्रण सुरू केलं. जवळपास दीड तासाच्या या चित्रपटात एकही संवाद नाही आणि निवेदनही नाही.

मग आम्ही का बोलतोय? कारण या चित्रपटाने एक गोष्ट सांगायची ठेवली आहे. ती गोष्ट जिथला शब्द घेतला, तिथल्या माणसांची आहे.

(दृश्य: रात्रीचा महामार्ग. गाड्यांचे दिवे लाल-पांढऱ्या रेघा होऊन धावताहेत.)

रॉन फ्रिकेचा कॅमेरा वेळेची मोडतोड करतो. ढग समुद्रासारखे फुटतात. कारखान्याच्या पट्ट्यावरून सॉसेज सरकत येतात आणि लगेच सरकत्या जिन्यावरून माणसं. दोन्हींचा वेग सारखाच असतो. यावर एका शब्दाचंही भाष्य नाही आणि त्याची गरजही वाटत नाही.

या वेगाला फिलिप ग्लासच्या संगीताचा आधार आहे. तरुणपणी पॅरिसमध्ये त्याने रविशंकरांसोबत काम केलं. त्यांचं संगीत पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवताना तो मात्रांच्या हिशेबात अडकायचा. तालाचं चक्र कसं फिरतं, लहान लहान तुकडे जोडत आवर्तन कसं उभं राहतं, हे त्याला उमगलं ते उस्ताद अल्लारखाँच्या शिकवणीतून. चित्रपटात शहरं धावू लागतात तेव्हा कान देऊन ऐका. आवर्तन फिरतं, वाढतं, पुन्हा फिरतं, पण सम सापडल्याचा निवांतपणा काही मिळत नाही.

(दृश्य: लास व्हेगास. कॅसिनोतल्या वेट्रेस एका ओळीत उभ्या, नजर थेट कॅमेऱ्यात. मागे दिव्यांची लखलख.)

हे दृश्य जरा थांबवू या. चित्रपटातलं मला सगळ्यात अस्वस्थ करणारं दृश्य हेच. कुणी काही करत नाही. त्या नुसत्या उभ्या राहतात, हसू टिकवायचा प्रयत्न करतात आणि हळूहळू ते हसू जड होत जातं. आजवर मी त्यांचे चेहरे पाहत होतो. आता त्यांच्या मागचे दिवे पाहतो. ही वीज कुठून यायची?

(दृश्य: नकाशा. लास व्हेगासपासून पूर्वेकडे, ॲरिझोनाच्या ईशान्य भागापर्यंत एक रेघ सरकते.)

इथे ब्लॅक मेसा आहे. सपाट माथ्याचं विस्तीर्ण पठार, पोटात कोळशाचे थर. त्याच्या दक्षिण टोकांवर होपींची गावं. त्यातलं ओराइबी सुमारे ९०० वर्षं सलग वसलेलं आहे.

१९६०च्या दशकात होपी आणि नवाहो जमातींच्या परिषदांनी इथला कोळसा काढण्याचे करार पीबॉडी कंपनीशी केले. एका खाणीचा कोळसा नेवाडातल्या मोहावे वीजकेंद्राला जाणार होता, पण तिथवर रेल्वे नव्हती. म्हणून कोळसा दळायचा, त्यात पाणी कालवायचं आणि तो काळा रबडा ४४० किलोमीटर नळातून ढकलायचा, असं ठरलं. हे पाणी पठाराच्या पोटातलं. शुद्ध, पिण्याचं, फार जुनं. होपींचे झरे त्याच साठ्याशी जोडलेले. वर्षामागून वर्षं दिवसाला १ कोटी लिटरहून जास्त पाणी उपसलं गेलं. वाळवंटातलं पिण्याचं पाणी कोळसा वाहून न्यायला!

दुसऱ्या खाणीचा कोळसा लेक पॉवेलजवळच्या नवाहो वीजकेंद्रात जळायचा. तिथल्या विजेवर कोलोरॅडो नदीचं पाणी उचलून फीनिक्स आणि टूसॉनकडे नेलं जायचं. या दोन्ही केंद्रांची वीज लॉस एंजेलिसला आणि लास व्हेगासलाही जात होती. खुद्द नवाहो प्रदेशात मात्र हजारो घरांवर विजेची तारच नव्हती. उच्चदाबाच्या तारा त्यांच्या डोक्यावरून जात होत्या.

चित्रपट पाहून उठलं की वाटतं, माणसाने निसर्गाचं हे काय करून ठेवलं! मीही बरीच वर्षं हेच म्हणत आलो. पण हा 'माणूस' कोण? दिवे लावणारा एक होता आणि झरा गमावणारा दुसरा. दोघांना एकाच शब्दात कोंबलं की हिशेब पुसला जातो. ब्लॅक मेसाच्या बाबतीत मला तो पुसू द्यायचा नाही.

आणि तो हिशेब सरळही नाही. कोळशाच्या पैशावर होपी सरकारच्या अंदाजपत्रकाचा मोठा हिस्सा उभा होता. खाणीत त्यांच्या शेजाऱ्यांना पगार मिळत होते. झऱ्यांसाठी भांडणारे आणि रोजगारासाठी भांडणारे कधी कधी एकाच घरातले होते.

(दृश्य: चित्रपटातला सेंट लुईसचा तुकडा. रिकाम्या इमारतींच्या फुटक्या काचा, मग स्फोट.)

ही प्रूइट-आयगो वसाहत. ११ मजल्यांच्या ३३ इमारती, १९५०च्या दशकात गरिबांच्या घरांसाठी मोठ्या आशेने बांधलेल्या. वास्तुरचनाकार मिनोरू यामासाकी, ज्यांनी पुढे न्यूयॉर्कचं वर्ल्ड ट्रेड सेंटर आखलं. वसाहतीची पाडापाडी १९७२ साली सुरू झाली. चित्रपटात इमारत गुडघ्यात वाकावी तशी बसते आणि धूळ वर येते.

(दृश्य: तीन उंच धुराडी. पहाट.)

हे चित्रपटातलं नाही. मोहावे केंद्र २००५च्या अखेरीस थांबलं, तेव्हा नळातलं पाणीही थांबलं. नवाहो केंद्र २०१९च्या नोव्हेंबरात बंद पडलं. १८ डिसेंबर २०२० रोजी त्याची २३६ मीटर उंचीची तीन धुराडी सुरुंग लावून पाडली गेली. एकामागून एक, तशीच, धुळीत. डोंगरावर उभं राहून लोक बघत होते. त्यांतल्या कित्येकांचं पोट त्या केंद्रावर चाललं होतं.

(दृश्य: वाळूचं शेत. एक हात, हातात टोकदार काठी.)

होपींचा मका पाटाच्या पाण्यावर नाही, जमिनीत मुरलेल्या ओलीवर येतो. म्हणून बी वरवर पेरत नाहीत. कोरडी वाळू बाजूला सारून, काठीने वीतभराहून खोल, ओल हाताला लागेपर्यंत खणतात. एका खड्ड्यात १०-१२ दाणे. मग काही पावलं सोडून पुढचा खड्डा. याच निळ्या मक्याचं पातळ पीठ बायका तापलेल्या दगडावर हाताने सारवतात आणि कागदासारखी पिकी भाकरी सोडवून घेतात. खापरावर मांडे करणाऱ्या खानदेशातल्या बायकांना तो हात लगेच ओळखू येईल.

(दृश्य: काठी पुन्हा वाळूत जाते. बाहेर आलेल्या टोकाला गडद माती चिकटलेली आहे.)

ओल लागली.