हिप्परग्याच्या बांधावरून: बदकं उतरतात तेव्हा

आश्विन लागला की सोलापूरचं ऊन पुन्हा तापतं. तुळजापूर रस्त्यालगतच्या हिप्परगा तलावावर मात्र हिवाळ्याचे पाहुणे याच दिवसांत पोचू लागतात. सैबेरिया आणि मध्य आशियातून निघालेली ही बदकं बरीचशी वाट रात्रीच कापतात. त्यांना उतरताना पाहायचं, तर उजाडायच्या आत बांधावर हवं.

१८७१ साली पुरा झालेला हा तलाव, त्याचंच दुसरं नाव एकरुख. सोलापूरला ना समुद्र, ना किनाऱ्यावरचा कडा. दूरवरचं पाणी एका नजरेत घ्यायला आपल्याकडे हा बांधच.

ती बघा, पाण्याला जवळजवळ घासत आलेली तुकडी. अंगानं लहान, झटक्यासरशी वळणारी. पंखावर हिरवा पट्टा चमकला, म्हणजे चक्रांग. मागून येतायत ती लांब, सडपातळ मानेची तलवार बदकं. आणि फावड्यासारखी रुंद चोच पुढे काढून उडतोय तो थापट्या.

रंगांवर विसंबू नका. पुस्तकातला देखणा नर या दिवसांत क्वचितच दिसतो. वीण सरली की नर आपला झळझळीत पिसारा टाकतो. पुढे उडायची पिसंही एकदमच गळतात, काही आठवडे उडताच येत नाही. तेव्हा जीव वाचवायला मादीसारखा मातकट वेषच बरा. तलवार बदकाच्या शेपटीची ती लांब पिसंही अजून पुरती आलेली नसतात. मग ओळखायचं चोचीवरून, मानेवरून, उडायच्या ढबीवरून. मला पक्षी पाहणं खऱ्या अर्थानं इथेच सुरू होतं असं वाटतं.

कारण त्यांचे रंग परततात ते आपल्या पाण्यावर. तुळशीची लग्नं लागता लागता चक्रांग नराचं डोकं तांबूस होऊ लागतं. जोड्याही हिवाळ्यातच जमतात. घरटं सैबेरियात, पण सोयरीक सोलापुरात!

ही बदकं सहसा बुडी मारत नाहीत. डोकं पाण्यात, शेपूट वर, असं उथळ काठावर चरतात. म्हणूनच आपण काठाकाठानं चालत गेलो किंवा ड्रोन उडवला, की अख्खा थवा चारा सोडून उठतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाला निवांत खाऊ द्या. बांधावरून दुर्बिणीतून सगळं दिसतं.

संक्रांतीच्या दिवसांतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास उजनी धरणाच्या काठावर पट्टकदंबही दिसतील. हे हंस हिमालय ओलांडून येतात, ७,००० मीटरहून उंच उडताना त्यांची नोंद झाली आहे.

आणि भुवई बदक? ते येतं सगळ्यांच्या आधी, पाऊस पुरता सरायच्याही अगोदर. नटतं मात्र सगळ्यांत शेवटी. नराच्या डोळ्यावरची पांढरीशुभ्र, रुंद रेघ ठळक व्हायला फेब्रुवारी उजाडतो, आणि तोवर परतीचे दिवस जवळ आलेले असतात.