उपयोगिता प्रमाणपत्रातला एक रकाना

मित्रहो,

मी ग्रंथपाल म्हणून काम करत असताना दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदारांचा फोन आला. केवडा रोगाची बुरशी नेहमीच्या औषधांना दाद का देत नाही, यावर आपल्याच देशात झालेल्या एका अभ्यासाचा निबंध त्यांच्या मुलीने शोधून काढला होता. मुलगी कृषी पदवीधर होती आणि निबंध वाचून समजून घेण्याची तिची तयारी होती. पण पडद्यावर फक्त सारांश दिसत होता आणि पुढे वाचायचे तर डॉलरमध्ये पैसे भरा, अशी सूचना होती. मी लेखक-संशोधकांना पत्र पाठवले आणि त्याच संध्याकाळी त्यांनी आपल्याजवळची प्रत पाठवून दिली. समासात ओळींचे क्रमांक, ओळींमध्ये ऐसपैस अंतर, आकृत्या सगळ्या शेवटी, परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या पूर्ण केलेल्या, आणि अखेरच्या ऋणनिर्देशात सरकारी अनुदानाचा प्रकल्प क्रमांक. नियतकालिकाची मांडणी तेवढी नव्हती; मजकूर तोच होता.

आज मला बोलायचे आहे ते या प्रतीबद्दल. तिला स्वीकृत हस्तलिखित म्हणतात. ती प्रत्येक संशोधकाच्या संगणकात असते आणि ती खुली करण्यासाठी कोणाला एक रुपयाही द्यावा लागत नाही. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने डिसेंबर 2014 मध्ये संयुक्त धोरण जाहीर केले, ते याच प्रतीसाठी: आमच्या अनुदानातून झालेल्या कामाचा निबंध स्वीकारला गेला की दोन आठवड्यांच्या आत हे हस्तलिखित संस्थेच्या भांडारात, म्हणजे सर्वांना खुल्या असलेल्या ऑनलाइन संग्रहात, जमा करावे. धोरण चांगले आहे, मला ते मनापासून पटते. परंतु जमा न करणाऱ्याचे काहीच अडत नाही, आणि ज्याने काही अडत नाही ते काम संशोधकाच्या धावपळीत मागे पडते, हे मी वर्षानुवर्षे जवळून पाहिले आहे.

दरम्यान सरकारने दुसरा मोठा निर्णय घेतला. 25 नोव्हेंबर 2024 रोजी मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली: वर्गणी सरकारने भरायची आणि संस्थांमधल्या वाचकांनी नियतकालिके वाचायची. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके आणि 6,300 संस्थांमधले जवळपास 1.8 कोटी वाचक. जिथे एका नियतकालिकाची वर्गणी भरतानाही हात आखडता घ्यावा लागत होता, अशा जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय महाविद्यालयात आज जे उघडते आहे, त्याचे मोल मी कमी लेखणार नाही. मात्र ही सोय केंद्र व राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील संस्थांची आहे. दिंडोरीची ती मुलगी, तालुक्यात खाजगी दवाखाना चालवणारे डॉक्टर, निवृत्त प्राध्यापक, हे सगळे करदाते असूनही दाराबाहेरच राहिले. शिवाय ही वर्गणी आहे. मुदत संपली की पुन्हा वाटाघाटी आणि पुन्हा पैसे.

लेखकाने शुल्क भरून निबंध खुला करण्याचा मार्गही आहे, पण तो आपल्याला परवडणारा नाही. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने 2020 मध्ये हे शुल्क 9,500 युरो जाहीर केले, म्हणजे आठ लाख रुपयांहून अधिक. त्या वेळी आपल्या कनिष्ठ संशोधक विद्यार्थ्याची विद्यावृत्ती महिना 31,000 रुपये होती. एका निबंधाचे शुल्क दोन वर्षांच्या विद्यावृत्तीपेक्षा जास्त भरते.

प्रकाशक नाराज होतील, ही भीती मला नेहमी ऐकवली जाते. बहुतेक मोठे प्रकाशक स्वीकृत हस्तलिखित भांडारात ठेवू देतात, काही काळ थांबण्याच्या अटीवर का होईना. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर काम करणाऱ्यांसह जगभरचे खगोलशास्त्रज्ञ आपले निबंध ‘आर्काइव्ह’ या खुल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवतात, भौतिकशास्त्रात ही प्रथा 1991 पासून चालू आहे आणि त्या विषयाची नियतकालिके आजही निघत आहेत.

मग अडते कुठे? निबंध जमा करणे आपल्याकडे कशाशीच बांधलेले नाही, इथे. जिथे बांधले, तिथे काम झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 च्या नियमांनी पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या खुल्या ऑनलाइन भांडारावर देणे पदवीशी बांधले, आणि आज तिथे लाखो प्रबंध, मराठीतलेसुद्धा, कोणालाही वाचता येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2008 मध्ये निबंध जमा करणे सक्तीचे केले, आणि 2013 पासून ज्यांचे निबंध जमा नाहीत त्यांच्या प्रकल्पाचे पुढच्या वर्षाचे अनुदान रोखून धरायला सुरुवात केली. बेल्जियमच्या लिएज विद्यापीठाने तर भांडारात असलेले निबंधच अध्यापकाच्या मूल्यमापनात धरायचे ठरवले.

आपल्याकडे अशी गाठ मारायला नवा कायदाही लागत नाही. अनुदानाचा पुढचा हप्ता हवा असेल तर संस्थेला उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. वित्तीय नियमांतला तो 12-अ नमुना इथल्या प्रत्येक लेखाधिकाऱ्याच्या हाताखालून गेलेला आहे. किती रक्कम मिळाली, किती खर्च झाली, किती शिल्लक, हे त्यात पैन् पै लिहावे लागते. त्यासोबत एक रकाना जोडावा: या अनुदानातून किती निबंध स्वीकारले गेले आणि त्यांची हस्तलिखिते कोणत्या पत्त्यावर वाचता येतील. हा रकाना कोरा असेल तर लेखा विभागाने तो कागद, जमाखर्च न जुळणारा कागद परत पाठवतात तसाच, परत पाठवावा.