घाट चढताना मांडीच्या आत काय चालतं

रविवारची पहाट, सातारा. समर्थ मंदिर मागं पडलं की यवतेश्वरचा घाट सुरू होतो आणि हौसेनं पळणाऱ्यांचा दम तिथंच निघतो. हाफ मॅरेथॉनमुळं साताऱ्यात पळायचं वेड चांगलंच पसरलंय, रिटायर झालेले काका लोक पण शूज घालून निघतात, आणि कुणाच्या तरी खिशात एक गोळी असतेच, व्हिटॅमिन सी, सोबत ई पण. कशाला, तर म्हणे अँटिऑक्सिडंट आहे, पळताना शरीरात जो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस होतो, म्हणजे ऑक्सिजनपासनं बनलेल्या बिथरलेल्या रेणूंचा पेशींना होणारा त्रास, तो मारतं. त्या गोळीचंच आज बघायचंय, पण त्याआधी मांडीच्या आत शिरू.

(पडद्यावर: स्नायूची पेशी, आत लांबट मायटोकॉन्ड्रिया)

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं पॉवरहाऊस, हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलंय, ते सोडा. खरी मजा त्याच्या आतल्या पडद्यात आहे. खाल्लेल्या भाकरीतनं निघालेले इलेक्ट्रॉन तिथं एका प्रोटीनकडनं दुसऱ्याकडं जातात, स्लॅब टाकताना घमेली हातोहात वर जातात ना तसं, आणि शेवटी ते ऑक्सिजनला मिळून पाणी होतं. पण थोडं सांडतंच. सांडायच्या मुख्य जागा दोन, या साखळीतल्या प्रोटीनांच्या दोन जुड्या, कॉम्प्लेक्स एक आणि कॉम्प्लेक्स तीन. तिथनं निसटलेला इलेक्ट्रॉन अध्येमध्येच ऑक्सिजनला चिकटला की झाला सुपरऑक्साइड, आणि हा गडी ज्या प्रोटीनांत लोह-गंधकाचे गुच्छ असतात नेमका त्यांनाच धरतो, त्यातलं लोह सुटं होतं, आणि सुट्या लोहापासनं पुढं आणखी वाईट काहीतरी तयार होतं.

आता एक उलटीच गोष्ट. मायटोकॉन्ड्रियातली ही गळती पळताना जास्त होते असं नाही. पोटभर जेवून सोफ्यावर लोळताना, म्हणजे इंधन भरपूर आणि खर्च शून्य, तेव्हा इलेक्ट्रॉन तुंबतात आणि सांडणं वाढतं. पळताना स्नायूत सुपरऑक्साइडसारखे जे ऑक्सिडंट बनतात त्यातले बरेचसे तर मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या एन्झाइममधनं येतात.

सांडलेलं उचलायला पहिलं येतं ते एसओडी-टू नावाचं प्रोटीन. याचा जीन मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएत नाहीच, तिथं जेमतेम 13 प्रोटीनांचे जीन आहेत. हा आहे केंद्रकातल्या सहाव्या क्रोमोसोमवर. प्रोटीन बाहेर तयार होतं, त्याच्या पुढच्या टोकाला 24 अमिनो ॲसिडचं शेपूट असतं, ते म्हणजे आत जायचा पास, आत पोचलं की शेपूट कापून टाकतात. मग अशी चार प्रोटीनं एकत्र बसतात, प्रत्येकाच्या पोटात मँगनीजचा एक अणू. मँगनीजच्या जागी चुकून लोह बसलं तर सगळं फुकट, काम बंद.

या जातीचं पहिलं एन्झाइम 1969 साली अमेरिकेत मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी गाईच्या रक्तपेशीतनं ओळखलं, त्यात तांबं आणि जस्त होतं. मँगनीजवालं नंतर ई कोलाय बॅक्टेरियात सापडलं, आणि तसंच कोंबडीच्या लिव्हरच्या मायटोकॉन्ड्रियात. मायटोकॉन्ड्रिया हा एकेकाळचा बॅक्टेरियाच, या मताला त्यानं चांगलंच बळ मिळालं.

एसओडी-टूची किंमत कळली 1995 साली. ज्या उंदरांत हा जीनच काढून टाकला होता ती पिल्लं जन्मल्यावर दहा दिवसांच्या आत गेली, हृदय फुगलेलं, लिव्हरमध्ये चरबी. तांबं-जस्तवालं, जे मुख्यतः मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेर काम करतं, ते काढलेले उंदीर मात्र मोठे होतात. म्हणजे बाहेरचा रखवालदार नसला तरी कसंतरी भागतं, आतला पाहिजेच.

एसओडी-टू सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, हेच ते, जखमेवर ओतलं की फेस येतो ते. आता त्याला कोण बघणार? तिथं पेरॉक्सिरेडॉक्सिन-थ्री, बहुतेक काम हेच उरकतं. पण दर वेळी काम करून ते स्वतः ऑक्सिडाइझ होतं, त्याला परत कामावर आणायला एनएडीपीएच हा इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू लागतो, आणि तो बनवायला एनएनटी नावाचं प्रोटीन पडद्यावरचीच पॉवर वापरतं. म्हणजे कमाईतलाच काही हिस्सा राखणीवर जातो. (आणि गंमत बघा, जगभर लॅबमध्ये सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या उंदरांच्या एका जातीत हे एनएनटीच बिघडलेलं आहे, आणि कितीतरी प्रयोग त्यांच्यावरच होतात.)

उंदरांना कमी खायला दिलं की सर्ट-थ्री हे प्रोटीन एसओडी-टूवर चिकटलेले ॲसिटिल नावाचे छोटे रासायनिक तुकडे काढून त्याला आणखी तेज करतं. उपवासवाल्यांनी लगेच खूश होऊ नये, एकादशी अन् दुप्पट खाशी यात धरत नाहीत राव.

आणि एखादा मायटोकॉन्ड्रिया पारच बिघडला तर पिंक-वन नावाचं प्रोटीन त्यावर खूण करतं, मग पार्किन हे दुसरं प्रोटीन येतं, आणि तो अख्खा मोडीत निघतो. या दोघांच्या जीनमधला बिघाड कमी वयातल्या पार्किन्सनशी जोडलेला आहे.

आता गोळी. पेरॉक्साइड नुसता कचरा नाही, तो निरोप पण आहे, राखणदार वाढवा असा. 2009 साली जर्मनीत तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला, काहींना रोज 1000 मिलीग्रॅम सी आणि 400 युनिट ई दिलं. ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत त्यांच्या स्नायूत एसओडी-टूचा जीन जोरात चालू झाला, इन्सुलिन पण चांगलं काम करायला लागलं. गोळीवाल्यांत हे दिसलं नाही, निरोपच पोचला नाही म्हणा. 2014 मध्ये नॉर्वेत सी आणि ईच्याच गोळ्यांवर 11 आठवड्यांचा प्रयोग झाला, त्यात गोळीवाल्यांचा दमश्वास इतरांइतकाच सुधारला, पण स्नायूत नवे मायटोकॉन्ड्रिया बनल्याच्या खुणा कमी होत्या. म्हणजे घाटात कदाचित फरक कळणार पण नाही, आत मात्र पडतो.

लिंबू, आवळा, पेरू यांच्याशी कुणाचं भांडण नाही, बिनधास्त खा. प्रश्न त्या 1000 मिलीग्रॅमचा आहे, तेही रोज, आणि पळायच्या आधी. डॉक्टरनी एखाद्या कमतरतेसाठी लिहून दिली असेल तर ती वेगळी गोष्ट.