ओल्या दगडाचा रंग कायम ठेवायचा तर

नमस्कार मंडळी. उन्हाळ्यात गोदावरीचं पाणी खाली गेलं की काठाच्या रेतीत लाल, तपकिरी, दुधाळ असे खडे दिसतात, आपण हौसेने खिसा भरून घरी आणतो आणि वाळल्यावर बघतो तर एकदम मठ्ठ! कारण असं की दगडावर बारीक बारीक खड्डे असतात, पाणी ते भरून काढतं म्हणून आतला रंग दिसतो. पॉलिश म्हणजे तेच खड्डे घासून काढायचे, बस. काही जण सरळ व्हार्निश मारतात, पण मग तो दगड प्लास्टिकचा वाटतो, मला तरी ते बघवत नाही.

आता कुठला दगड घ्यायचा? आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांमध्ये नंतर अकीक (म्हणजे अगेट), गारगोटी, झिओलाइट नावाचे स्फटिक असलं काय काय तयार झालं. अकीक, जास्पर (लालसर, अपारदर्शक दगड) आणि गारगोटी चांगले कडक, कडकपणाच्या १ ते १० अशा मोस मापात ७ च्या आसपास. चाकूच्या टोकाने ओरखडा काढून बघा, उठला नाही तर तो दगड पॉलिशला घ्या.

पण स्टिलबाइट, अपोफिलाइट असले स्फटिक सापडले तर कृपा करून घासू नका! ते मऊ असतात, पटकन तुटतात आणि त्यांची चमक मुळातच असते. सिन्नरला गारगोटी म्युझियम आहे, तिथे एकदा जाऊन या, म्हणजे जसंच्या तसं ठेवायचं काय ते डोळ्यांना कळेल. आणि हो, नाशिकच्या गंगापूरजवळ गोदावरीच्या जुन्या गाळात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळियांना आदिमानवाची दगडी हत्यारं मिळाली होती, त्यामुळे मुद्दाम कपचे काढल्यासारखा धारदार दगड दिसला तर तो तिथेच राहू द्या, फोटो काढा आणि जाणकाराला दाखवा.

मशीन नाही म्हणून अडायचं कारण नाही. हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पेपर (पाणी टाकून वापरायचा सँडपेपर) मिळतो, ८०, २२०, ४००, ८००, १५०० असे नंबर घ्या, लहान नंबर म्हणजे जाड, मोठा म्हणजे बारीक, त्याच क्रमाने वापरायचे. पूर्ण दगड नको, एकच बाजू सपाट करा, बाकीचा खडबडीतच राहू दे, शोकेसमध्ये तो जास्त छान दिसतो. पेपर काचेवर ठेवायचा, पाणी टाकायचं आणि घासायचं. अकीक हाताने घासायला तास न् तास जातात हे आधीच सांगतो, टीव्ही बघत बघत करा.

खरी मेहनत ८० नंबरलाच आहे. बहुतेक जण तिथेच घाई करतात, मग २००० पर्यंत गेले तरी चरे तसेच. एक युक्ती सांगतो, घासायच्या बाजूवर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारा, सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की बाजू सपाट झाली असं समजा. मग दगड कोरडा करून बल्बखाली तिरका धरून बघा. ओला असताना प्रत्येक दगड चकचकीतच दिसतो, तिथे फसू नका. आधीच्या नंबरचा एक जरी चरा दिसला तरी पुढे जायचं नाही. आणि पेपर बदलताना दगड, काच, हात, नखंसुद्धा धुवायची, कारण जाड कण एक जरी राहिला तरी सगळं बिघडवतो. शेवटी काच पॉलिशवाले वापरतात ती सेरियम ऑक्साइडची पावडर, जुन्या जीन्सच्या ओल्या तुकड्यावर.

कोरडा दगड ग्राइंडरवर अजिबात धरू नका. ती धूळ फुप्फुसात बसते, सिलिकोसिस होतो, खंभातला अकीक घासणारे कारागीर त्याने पिढ्यान् पिढ्या आजारी पडलेत. घासलेलं गढूळ पाणीसुद्धा बेसिनमध्ये ओतायचं नाही, खाली बसून पाइप जाम होतो. बादलीत थांबू द्या, गाळ कचऱ्यात टाका.

ज्यांच्याकडे टम्बलर (ड्रममध्ये दगड फिरवून घासणारं मशीन) आहे त्यांचं काम सोपं, ड्रम पाऊण भरायचा आणि घासायच्या जाड-बारीक प्रत्येक पावडरला साधारण आठवडा द्यायचा, फक्त तो खडखडाट शेजाऱ्यांना चालतो का ते आधी विचारा.

तयार झालेला दगड स्टँडवर ठेवला की खाली छोटी चिठ्ठी लावा, कुठे सापडला, कधी सापडला. नुसतं नाशिक लिहू नका, गाव, ओढा, कुठला काठ, सगळं लिहा. जांभळी गारगोटी असेल तर खिडकीतल्या उन्हात ठेवू नका, रंग उडतो तिचा.