ड्रेसरची भांडी

श्रोतेहो, नमस्कार.

बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने १८४० साली विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि एरवी सरदारांच्या टेबलावर दिसणारी भांडी इंग्लंडमधील मध्यमवर्गालाही परवडू लागली. मात्र भांड्यांबरोबर नक्षीही स्वस्त झाली, आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात मोकळा पृष्ठभाग म्हणजे जणू कारागिराचा आळस, असे वाटावे इतकी वेलबुट्टी मांडलेली होती.

या पार्श्वभूमीवर भांड्यांचे आकार आखणाऱ्या ख्रिस्तोफर ड्रेसर या डिझाइनरचे काम पाहावे लागते. १८३४ साली ग्लासगोत जन्मलेला हा मनुष्य लंडनच्या सरकारी डिझाइन शाळेत शिकला आणि पुढे वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक म्हणूनही मान्यता पावला. मात्र फुलांची हुबेहूब नक्कल भांड्यावर चिकटवणे त्याला मान्य नव्हते. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने किटल्या आणि सुरया यांच्या मुठी व तोट्या कुठे असाव्यात, याची चक्क आकृत्या काढून चिकित्सा केली, कारण भरलेल्या भांड्याचा भार कुठे येतो हे न पाहता मूठ बसवली, तर ओतणाऱ्याच्या मनगटाला त्याची शिक्षा भोगावी लागते. चांदी महाग आहे, तेव्हा पत्रा पातळ घ्यावा आणि बळकटी आकारातून मिळवावी, असाही त्याचा आग्रह होता. साधेपणामागचा हा हिशेबीपणा मला त्याच्या सौंदर्यदृष्टीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

१८७६-७७ मध्ये त्याने जपानचा दौरा केला आणि परतल्यावर बर्मिंगहॅमच्या ह्यूकिन अँड हीथ व शेफील्डच्या जेम्स डिक्सन या कारखान्यांसाठी भांडी आखली. त्याचा टोस्ट-स्टँड घ्या. भाजलेल्या पावाचे काप एकावर एक रचले, तर वाफ आत कोंडून ते मऊ पडतात, म्हणून ते उभे आणि सुटे ठेवायचे. ड्रेसरने त्यासाठी सरळ दांड्या आणि उचलायला एक मूठ एवढेच ठेवले. त्याच्या सूपच्या भांड्याला तीन टोकदार पाय आहेत आणि हाताला चटका बसू नये म्हणून काळ्या आबनुशी लाकडाची मूठ आहे. चकचकीत धातूशेजारी ते काळे लाकूड इतके उठून दिसते की आणखी नक्षीची गरजच उरत नाही.

अर्थात, उपयोगाचा आग्रह त्याने प्रत्येक वेळी पाळला असे नाही. १८७९ च्या सुमारास जेम्स डिक्सनसाठी आखलेली त्याची चौकोनी किटली कोनावर उभी आहे आणि तिच्या पोटातून आरपार चौकोनी भोक आहे. कितीही देखणी असली, तरी चहाची पाने त्या कोपऱ्यांतून काढणाऱ्या मोलकरणीचे मत कोणी विचारले असेल, असे वाटत नाही.